होतकरू खेळाडू द्यावा आणि गोलंदाज घ्यावा काय?

पेरणीसाठीं राखून ठेवलेलें बीं अडचणीच्या दिवसांत दळून खावें कीं नाहीं, हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरीं पुष्कळ वेळां उत्पन्न होतो. आजची भूक खरी असते आणि उद्याचें पीकहि खरें असतें. म्हणून या प्रश्नाचें उत्तर सोपें नसतें. सांघिक खेळांतहि असाच एक प्रश्न वारंवार उभा राहतो. एखादा संघ विजेतेपदाच्या अगदीं जवळ येऊन पोंचलेला असतो. परंतु त्याच्यापाशीं एका चांगल्या गोलंदाजाची उणीव असते. दुसऱ्या एका संघापाशीं तसा गोलंदाज असतो. पण त्याच्या मोबदल्यांत तो संघ होतकरू तरुण खेळाडू मागतो. ते द्यावे काय? क्रिकेटच्या सामन्यांविषयीं आमचे विद्यार्थी मधल्या सुटींत हिरिरीनें वाद घालतात. त्या वादांत हा प्रश्नहि असतोच. त्याचा थोड्या शांतपणें विचार करावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम गोलंदाजाचीच उणीव इतकी कां जाणवते, हें पाहूं. वीस षटकांच्या सामन्यांत एका गोलंदाजास चारांहून अधिक षटकें टाकतां येत नाहींत. अर्थात् प्रत्येक संघास निदान पांच गोलंदाज लागतात. एक फलंदाज कच्चा असला, तर इतरांच्या धांवांनीं त्याची उणीव झांकली जाते. पण पांचवा गोलंदाज कच्चा असला, तर त्याचे चोवीस चेंडू कोणीतरी टाकलेच पाहिजेत. प्रतिपक्ष त्याच चोवीस चेंडूंची वाट पाहत असतो. चांगल्या संघांच्या अंतिम सामन्यांत जय आणि पराजय यांतील अंतर बहुधा एवढ्याच चेंडूंचें असतें. म्हणून विजेतेपदाची आशा बाळगणारा संघ गोलंदाजासाठीं मोठी किंमत देण्यास तयार होतो.

खेळाडूंच्या अशा अदलाबदलीची रीत अमेरिकेंतील बेसबॉल या खेळांत फार जुनी आहे. त्या खेळांत चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात, व सामन्याचा सारा भार त्याच्यावर असतो. तेथील मोठ्या संघांच्या हाताखालीं कनिष्ठ संघांची एक उतरंडच असते, आणि तींत तरुण मुलें वर्षानुवर्षें तयार होत असतात. आजच्या नियमांप्रमाणें अदलाबदलीची मुदत जुलैच्या अखेरीच्या सुमारास संपते. त्या वेळीं जे संघ मागें पडलेले असतात, ते आपले अनुभवी पिचर देतात आणि पुढें असलेल्या संघांकडून होतकरू मुलें घेतात. एकास आजचें यश हवें असतें, दुसऱ्यास उद्याचें. व्यवहार दोघांच्याहि राजीखुषीचा असतो. पण त्याचा खरा हिशेब कळावयास दहा-वीस वर्षें लागतात.

त्याचें एक प्रसिद्ध उदाहरण १९८७ सालचें आहे. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें डेट्रॉईटच्या संघानें डॉइल अलेक्झांडर नांवाचा ३६ वर्षांचा पिचर अटलांटाच्या संघाकडून घेतला व मोबदल्यांत जॉन स्मोल्ट्झ हा २० वर्षांचा मुलगा दिला. अलेक्झांडरनें हंगामाच्या उरलेल्या भागांत नऊ सामने जिंकून दिले व एकहि गमावला नाहीं. डेट्रॉईटचा संघ आपल्या विभागांत अवघ्या दोन सामन्यांच्या आघाडीनें पहिला आला. म्हणजे अलेक्झांडर नसता, तर तो पहिला आला नसता, असें म्हणावयास कांहींच हरकत नाहीं. परंतु पुढच्याच फेरींत मिनेसोटाच्या संघानें त्यांस हरविलें. दोन वर्षांनीं अलेक्झांडर निवृत्त झाला. इकडे स्मोल्ट्झ अटलांटासाठीं दोन दशकें खेळला. त्या संघानें १९९५ सालीं जगज्जेतेपद मिळविलें, आणि २०१५ सालीं स्मोल्ट्झची गणना त्या खेळाच्या सन्माननीय मंडळांत झाली. एका शरद ऋतूसाठीं डेट्रॉईटनें वीस वर्षें दिलीं.

याच्या उलट उदाहरण शिकागोच्या कब्ज या संघाचें आहे. या संघास १९०८ सालानंतर एकदांहि जगज्जेतेपद मिळालें नव्हतें. आजोबा आशा धरून गेले, बाप आशा धरून गेले, अशी त्या शहराची स्थिति होती. २०१६ सालीं त्यांचा संघ सर्वांगांनीं उत्तम होता. मात्र शेवटच्या डावांत वेगानें चेंडू फेकणारा कोणी नव्हता. जुलैमध्यें त्यांनीं न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडून अरोल्डिस चॅपमन यास घेतलें आणि ग्लेबर टोरेस या १९ वर्षांच्या मुलासह चार खेळाडू दिले. चॅपमन तेथें केवळ तीन-चार महिने राहिला व हिवाळ्यांत पुनः न्यूयॉर्ककडे गेला. टोरेसनेंहि पुढें चांगलेंच नांव मिळविलें. तथापि त्या नोव्हेंबरांत कब्ज संघ १०८ वर्षांनीं जगज्जेता झाला. या सौद्याबद्दल शिकागोच्या रहिवाशांस पश्चात्ताप झाला असेल, असें वाटत नाहीं.

या दोन्ही सौद्यांत वरवर पाहतां भेद कांहींच नाहीं. दोन्ही संघ विजयाच्या जवळ होते. दोघांनींहि विशीच्या आंतबाहेरचीं मुलें दिलीं. दोघांसहि हवा तो पिचर मिळाला. मग भेद कोठें आहे? शिकागोपाशीं बाकी सर्व सिद्ध होतें, एकच फट उरली होती. डेट्रॉईटचा संघ मुळांतच वयस्क होत चालला होता. त्याची फट बुजली, पण भिंतच जुनी होती. हा विचार मनांत ठेवून आतां आपण घराकडे वळूं.

आपल्या देशांत इंडियन प्रीमियर लीगचे सामने २००८ सालीं सुरू झाले आणि २००९ च्या हंगामापूर्वींच अदलाबदलीस आरंभ झाला. त्या वर्षीं मुंबई इंडियन्सनें रॉबिन उथप्पा हा २३ वर्षांचा फलंदाज बंगलोरच्या संघास दिला आणि झहीर खान हा ३० वर्षांचा गोलंदाज घेतला. झहीर हा आपल्याच महाराष्ट्रांतील, अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या श्रीरामपूरचा. त्याच्या कौशल्याविषयीं शंका नव्हतीच. पण त्या हंगामांत त्याचा खांदा दुखावला व मुंबईस फारच थोडे सामने त्याच्यावांचून न खेळण्याचें भाग्य लाभलें. मुंबई आठ संघांत सातवी आली. पुढील वर्षीं मात्र तो तंदुरुस्त होता, आणि मुंबईनें अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली.

त्याच वेळीं दिल्लीच्या संघानें केलेला सौदा याहून बोधप्रद आहे. दिल्लीनें मुंबईकडून आशिष नेहरा हा गोलंदाज घेतला आणि शिखर धवन हा २३ वर्षांचा फलंदाज मुंबईस दिला. नेहरानें २००९ च्या हंगामांत १९ बळी घेतले, आणि दिल्ली साखळी सामन्यांत सर्वांच्या पुढें राहिली. परंतु उपांत्य सामन्यांत डेक्कन चार्जर्सनीं तिला हरविलें. धवन पुढें भारताचा आघाडीचा फलंदाज झाला; या स्पर्धेंत त्याच्या नांवावर एकंदर ६,७६९ धांवा जमा आहेत. गोष्ट येथेंच संपत नाहीं. २०१८ च्या नोव्हेंबरांत दिल्लीनें त्याच धवनास हैदराबादकडून परत आणलें. त्यासाठीं जे तिघे दिले, त्यांत अभिषेक शर्मा हा अठरा वर्षांचा मुलगा होता. एप्रिल २०२५ मध्यें याच अभिषेकनें हैदराबादसाठीं एका डावांत १४१ धांवा केल्या. या स्पर्धेंत कोणाहि भारतीय फलंदाजानें तोंपर्यंत इतक्या धांवा एका डावांत केल्या नव्हत्या. एक तरुण देऊन प्रौढ घ्यावा, आणि दहा वर्षांनीं तोच तरुण प्रौढ झाल्यावर त्यास परत आणण्यासाठीं दुसरा तरुण द्यावा, असा हा फेरा झाला. २०२५ च्या हंगामापर्यंत दिल्लीस एकदांहि विजेतेपद मिळालें नव्हतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां मुंबईनेंच दहा वर्षांनंतर काय केलें, तें पाहूं. २०१९ सालीं मुंबई इंडियन्सनें चौथ्यांदा विजेतेपद जिंकलें. अंतिम सामन्याच्या शेवटच्या चेंडूवर लसित मलिंगानें बळी घेऊन एका धांवेनें विजय मिळवून दिला होता. विजयाच्या आनंदांत असतांहि संघाच्या चालकांनीं एक गोष्ट ओळखली. मलिंगाचें वय ३६ झालें होतें. दिल्लीपाशीं ट्रेंट बोल्ट हा न्यूझीलंडचा तीस वर्षांचा डावखुरा गोलंदाज होता व त्या हंगामांत त्याला केवळ पांच सामने खेळावयास मिळाले होते. नोव्हेंबर २०१९ मध्यें मुंबईनें त्याला आपल्याकडे घेतलें, आणि त्याच्या मोबदल्यांत एकहि तरुण खेळाडू न देतां केवळ पैसा दिला. पुढील हंगामांत मलिंगा घरगुती कारणांमुळें आलाच नाहीं. पण त्याची जागा आधींच भरलेली होती. बोल्टनें २५ बळी घेतले. १० नोव्हेंबर २०२० रोजीं दुबई येथें अंतिम सामना झाला, तो नेमका दिल्लीशींच. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर बोल्टनें बळी घेतला, एकंदर तीन गडी बाद केले, आणि सामन्याचा मानकरीहि तोच ठरला. दिल्लीनें दिलेल्या माणसानेंच दिल्लीच्या हातून विजेतेपद काढून घेतलें.

त्याच वर्षीं मुंबईनें मयंक मार्कंडे हा तरुण फिरकी गोलंदाज मात्र दिल्लीस दिला होता व शेर्फेन रुदरफर्ड हा फलंदाज घेतला होता. २०१८ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, मार्कंडेनें मुंबईसाठीं १५ बळी घेतले होते. मग त्याला कां दिलें? कारण त्याच जातीची फिरकी टाकणारा राहुल चहर हा तितकाच तरुण गोलंदाज मुंबईपाशीं होता, आणि दोघांस एकाच वेळीं संघांत जागा नव्हती. चहरनेंहि २०२० सालीं १५ बळी घेतले. रुदरफर्डचा त्या हंगामांत मुंबईस कांहीं उपयोग झाला नाहीं. पण मार्कंडे दिल्यानें मुंबईची हानीहि झाली नाहीं. दैवयोग असा कीं, नोव्हेंबर २०२५ मध्यें हे दोघेहि वेगवेगळ्या संघांतून पुनः मुंबईकडेच आले.

मुंबईच्या गोलंदाजीचें सर्वांत मोठें धन मात्र कोणत्याच सौद्यांतून आलेलें नाहीं. ४ एप्रिल २०१३ रोजीं अहमदाबादचा जसप्रीत बुमराह हा १९ वर्षांचा मुलगा मुंबईसाठीं पहिला सामना खेळला व त्यानें तीन बळी घेतले. त्यानंतर काय झालें? २०१३ ते २०१५ या तीन हंगामांत मिळून त्यानें १७ सामन्यांत अवघे ११ बळी घेतले. त्या तीन वर्षांत कोणी एखादा नांवाजलेला गोलंदाज देऊं करून बुमराह मागितला असता, तर पुष्कळांनीं तो सौदा शहाणपणाचा म्हटला असता. मुंबईनें वाट पाहिली. २०१६ सालीं त्यानें १५ बळी घेतले, २०१७ सालीं २० आणि २०२० सालीं २७. म्हणजे दुबईच्या विजयांत बोल्ट हा बाहेरून आणलेला हात होता आणि बुमराह हा घरीं वाढलेला. दोन्ही हात होते, म्हणूनच टाळी वाजली.

गोलंदाजाचा सौदा करतांना आणखी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. वेगवान गोलंदाजाचें शरीर हें फार नाजुक भांडवल आहे. धांवत येऊन चेंडू टाकतांना पुढच्या पायावर, पाठीच्या कण्यावर व खांद्यावर जो भार पडतो, तो दर चेंडूस पडतो. २०२२ च्या लिलावांत मुंबईनें इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरसाठीं आठ कोटि रुपये दिले. त्या हंगामांत तो खेळणार नाहीं, हें ठाऊकच होतें. पुढच्या वर्षीं बुमराह आणि आर्चर ही जोडी दिसेल, असा हिशेब होता. प्रत्यक्षांत २०२३ सालीं पाठीच्या दुखण्यामुळें बुमराह एकहि सामना खेळला नाहीं, आणि आर्चर पांच सामने खेळून दोन बळी घेऊन परत गेला. त्या अडचणींत कामास आला तो आकाश मधवाल. रुडकीचा हा अभियंता अवघ्या वीस लाख रुपयांत संघांत आला होता. २४ मे २०२३ रोजीं चेन्नई येथें लखनौविरुद्ध त्यानें पांच धांवांत पांच बळी घेतले. आठ कोटींची जागा वीस लाखांच्या माणसानें भरून काढली, ती त्याला संधि मिळाली म्हणून.

एवढ्या उदाहरणांवरून कांहीं नियम बांधतां येतील काय? आमच्या मतें सौदा करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला असा कीं, उणीव खरोखर एकच आहे काय? शिकागोची एकच होती. म्हणून त्यांचा सौदा फळला. चार ठिकाणीं गळणाऱ्या छपरास एक कौल नवें घालून पाऊस थांबत नाहीं. दुसरा प्रश्न असा कीं, येणारा गोलंदाज हंगामभर उभा राहील काय, आणि किती हंगाम राहील? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. जें आपण देतों, तें आपल्या गरजेहून अधिक आहे, कीं तेंच आपलें बीं आहे? चहर घरांत असतां मार्कंडे देणें ही एक गोष्ट आहे. बुमराह देणें ही निराळी. पैसा देऊन काम भागत असेल, तर माणूस देऊं नये, हें बोल्टच्या उदाहरणावरून स्पष्टच दिसतें. या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें अनुकूल असतील, तर सौदा अवश्य करावा. कारण विजयाची वेळ दरवर्षीं येत नाहीं. एकहि उत्तर प्रतिकूल असेल, तर धीर धरावा.

येथें एक आक्षेप निघेल, व तो योग्य आहे. आपल्या लीगमध्यें दर तीन-चार वर्षांनीं मोठा लिलाव होतो आणि संघास थोडेच खेळाडू राखतां येतात. मग बीं जपून ठेवलें, तरी पीक दुसऱ्याच्याच शेतांत जावयाचें! हार्दिक पंड्या २०१५ सालीं दहा लाख रुपयांत मुंबईकडे आला, तेथेंच तयार झाला, आणि २०२२ सालीं गुजरातचा कप्तान होऊन त्यानें पहिल्याच वर्षीं विजेतेपद मिळविलें. त्याच वर्षीं मुंबई शेवटच्या क्रमांकावर गेली. हें सर्व खरें आहे. परंतु यावरून मुलें देऊन टाकावींत, असें सिद्ध होत नाहीं; हातांत असलेल्या मुलांस वेळेवर खेळवावें, एवढेंच सिद्ध होतें.

आणि आतां ज्याच्याविषयीं हा सारा खल चालला आहे, त्या मुलाकडे पाहिलें पाहिजे. तो कांहीं गांठोड्यांतला माल नव्हे. अमेरिकेंत होतकरू मुलाची संमति कोणी विचारीत नाहीं. एके सकाळीं त्याला दुसऱ्या शहरीं जाण्याचा निरोप येतो. आपल्याकडे खेळाडूची संमति घ्यावी लागते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु राखून ठेवणें म्हणजे दर वेळीं कृपा करणें असतेंच असें नाहीं. मुंबईचा सिद्धेश लाड पहा. त्याचे वडील दिनेश लाड हे रोहित शर्मा व पालघरचा शार्दूल ठाकूर यांचे गुरु. सिद्धेश २०१५ ते २०१९ असे पांच हंगाम मुंबई इंडियन्सपाशीं होता. त्या अवधींत त्यास एकच सामना मिळाला. १० एप्रिल २०१९ रोजीं पंजाबविरुद्ध तो खेळावयास आला, आणि पहिल्याच चेंडूवर त्यानें षटकार मारला. पुढें त्याला कलकत्त्याच्या संघाकडे देण्यांत आलें. एवढी वर्षें बांकावर बसविण्यापेक्षां आधींच जाऊं दिलें असतें, तर कदाचित् त्याचें अधिक हित झालें असतें. उलट धवन किंवा स्मोल्ट्झ यांचें भाग्य दुसरीकडे गेल्यावरच उघडलें. ज्यास खेळवावयाचें नाहीं, त्यास अडवून ठेवूं नये; आणि ज्यास खेळवावयाचें आहे, त्यास विकूं नये.

आमची भिवंडी हें यंत्रमागांचें गांव आहे. येथें पुष्कळ घरांत मागांची घरघर आणि मुलांचा अभ्यास एकाच भिंतीच्या दोन बाजूंस चालतो. व्यापारांत मंदी आली, सुताचे भाव चढले, घरांत आजारपण आलें, म्हणजे दहावींतल्या मुलास शाळेंतून काढून कामावर लावावें काय, हा प्रश्न बापाच्या मनांत येतो. त्याची अडचण खोटी नसते. तथापि त्यानेंहि वरचे तीन प्रश्न स्वतःस विचारावे. ही तूट खरोखर मुलाच्या मजुरीनेंच भरून निघणारी आहे काय? ती किती महिने भरून निघेल? आणि जें आपण देत आहों, तें आपल्या घरचें अधिकउणें आहे, कीं बीं आहे? पहिल्या तीन हंगामांतील बुमराहसारखीं मुलें आमच्या वर्गांतूनहि असतात. त्यांचे गुण आज थोडे दिसतात, आणि त्यांच्याविषयीं निकाल देण्याची घाई सर्वांसच झालेली असते.

विद्यार्थिमित्रांस एवढेंच सांगावयाचें कीं, ज्यांना आज बांकावर बसविलें आहे, त्यांनीं सराव सोडूं नये. मधवालास चेंडू केव्हां मिळेल, हें त्यास ठाऊक नव्हतें. परंतु मिळाला त्या दिवशीं त्याचा हात तयार होता.